शिवी शोधणाऱ्या यंत्राला आधी वाचायला शिकवा

शितोळे, दीक्षित, शीतल, हर्षिता. या नावांत घाण काय आहे ते सांगा बघू. मराठी माणसाला काहीच सापडणार नाही. पण हीच नावं रोमन लिपीत लिहून पाहा. एस, एच, आय, टी ही चार अक्षरं प्रत्येकात सलग येतात. तेवढं दिसलं की शब्दांची यादी घेऊन बसलेला आंधळा फिल्टर म्हणतो, 'योग्य नाव टाका'. आता शितोळ्यांनी योग्य नाव आणायचं कुठून?

हे दुखणं जुनं आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली होती. तेव्हापासून या प्रकाराला स्कनथॉर्पचंच नाव पडलं. २००८ मध्ये अमेरिकी धावपटू टायसन गे याचं आडनाव एका बातम्यांच्या साइटवर यंत्राने परस्पर बदलून 'होमोसेक्शुअल' केलं. २०२० मध्ये जीवाश्म अभ्यासकांच्या ऑनलाइन परिषदेत 'बोन' हा शब्दच अडवला गेला. हाडांच्या अभ्यासकांनी हाड म्हणायचं नाही! आपण हसतो आणि विसरतो.

पण हसण्यावारी न्यायचा नाही असा एक भाग यात आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही. तो म्हणजे सांकेतिक रूपातला मजकूर.

फोटो, सर्टिफिकेट, डिजिटल सही अशा गोष्टी साध्या मजकुरातून पाठवायच्या तर त्या बेस-६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत बदलतात. इंग्रजी मोठी २६ अक्षरं, लहान २६, दहा आकडे आणि दोन चिन्हं, अशी ६४ चिन्हं. वाचायला गेलात तर निव्वळ गोंधळ, अर्थ शून्य. आता साधा हिशोब करा. फिल्टर लहान-मोठं अक्षर एकच धरतो, म्हणजे एका जागी हवं ते अक्षर येण्याची शक्यता ३२ मध्ये एक. तीन अक्षरी शिवी आपोआप जुळायची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. यादीत असे दहा शब्द असले तर साधारण दर सव्वातीन हजार अक्षरांमागे एक 'शिवी' निघणारच. चार लाख अक्षरांचा फोटो असला तर शंभराच्या वर. ही शिवी कोणी दिली? कोणीच नाही. नाणं उडवल्यावर छापा पडावा तशी ती पडली.

मागे ओळखीतल्या एका दुकानदाराची वेबसाइट बंद पडली होती. तिचं सर्टिफिकेट मी मदत केंद्राच्या चॅटमध्ये चिकटवलं. पलीकडच्याने ते उचलून बसवलं, चालेना. पुन्हा पाठवलं, पुन्हा चालेना. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ओळीला ओळ ताडून पाहिली तर मधोमध तीन तारे! यंत्राने तीन अक्षरं झाकली होती आणि कोणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्या ६४ चिन्हांत तारा नाहीच. म्हणून काही प्रोग्राम तिथेच थांबतात. काही प्रोग्राम तारे वगळून पुढे जातात आणि मग पुढची सगळी अक्षरं सरकतात. दोन्हीकडे माल खराब.

माझा खरा राग इथे आहे. अडवायचं तर अडवा, पण तोंडावर सांगून अडवा. माझ्या मजकुरात माझ्या नकळत फेरफार करणं म्हणजे पोस्टमनने पाकीट फोडून दोन शब्द खोडायचे आणि पाकीट पुन्हा चिकटवून द्यायचं. याहू मेलने २००१-०२ च्या सुमारास हेच केलं होतं, शिव्यांसाठी नव्हे, सुरक्षेसाठी. काही ठरावीक अक्षरं दिसली की ती गुपचूप बदलायची. त्यात 'मेडिएव्हल'चं 'मेडिरिव्ह्यू' झालं आणि लोकांच्या लेखांत शिरलं. सांगितलं असतं तर दुरुस्त तरी करता आलं असतं.

लगेच कोणी म्हणेल, मग काय शिव्यांना मोकळं रान द्यायचं? अजिबात नाही. बायकांच्या पोस्टखाली काय भाषेत लिहिलं जातं ते आपण सगळे रोज पाहतो. बंदोबस्त हवाच. पण हा बंदोबस्त होतोय का? शिवी द्यायची ज्याला हौस आहे तो मध्ये टिंब टाकतो, अक्षराच्या जागी आकडा टाकतो, नाहीतर सरळ देवनागरीत लिहितो. इंग्रजी यादीच्या फिल्टरला त्यातलं काही कळत नाही. चोर मागच्या दाराने पसार, आणि पुढच्या दारात शितोळ्यांची झडती. याला सुरक्षा म्हणायचं?

उपाय नाही असंही नाही. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ३२ चिन्हांची पद्धत बनवली तेव्हा चुकून शिवी तयार होऊ नये म्हणून त्यातून 'यू' हे अक्षरच काढलं. म्हणजे फिल्टरच्या आडमुठेपणाची किंमत तिसराच माणूस मोजतो.

मागण्या साध्या आहेत. एक, मजकुरात गुपचूप बदल करू नका. अडवलं तर कुठला भाग आणि का, ते दाखवा. दोन, शब्द अख्खा तपासा, पोटातली अक्षरं उकरू नका. सांकेतिक मजकूर आणि सर्टिफिकेट ओळखून बाजूला ठेवा. तीन, नावाच्या रकान्यावर असला फिल्टर लावूच नका. चार, तक्रार ऐकायला मराठी समजणारा माणूस बसवा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार समाजमाध्यमांना तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. त्याला कामाला लावा.

तुमचं नाव, गाव किंवा फाइल अशी अडली असेल तर कमेंटमध्ये लिहा, स्क्रीनशॉट जोडा. एकेकट्याने तक्रार केली की 'तांत्रिक अडचण' असं उत्तर येतं. पन्नास तक्रारी एकत्र गेल्या की तेच उत्तर देणं अवघड जाईल.