उजेड आपला, अंधार समोरच्याचा

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील रस्त्यांवर रात्रीही उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या धावू लागतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. असलेला रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. अशा दुपदरी रस्त्यावर समोरून एखादी मोटार पांढराशुभ्र झोत टाकत येते आणि दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. मोटार निघून जाते, पण नजर लगेच सावरत नाही. तासाला ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. डोळे स्थिरावायला तीन सेकंद लागले, तर सुमारे ५० मीटर रस्ता जवळजवळ न पाहताच पार होतो. उभी ट्रॉली नेमकी त्याच ५० मीटरमध्ये असू शकते.

अशा झोतांपैकी बरेच झोत कारखान्यातून तसे आलेले नसतात. मूळचा हॅलोजन बल्ब काढून त्याच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब बसवण्याची पद्धत आता गावोगावच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत रुळली आहे. काम दहा मिनिटांचे, खर्च थोडा, आणि रस्ता लख्ख दिसू लागल्याचे समाधान लगेच. यात एलईडीचा स्वतःचा दोष काहीच नाही. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा दिवा शक्य झाला, तिच्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हा दिवा वीज कमी खातो आणि टिकतो जास्त. दोष आहे तो परक्या घरात त्याला कोंबण्याचा.

हेडलाइट म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा परावर्तक आणि पुढची काच मिळून एक प्रकाशयंत्र बनते. हॅलोजन बल्बमधील फिलामेंट म्हणजे काही मिलिमीटर लांबीची बारीक गुंडाळी. ती नेमकी कुठे असेल हे गृहीत धरून परावर्तकाचा प्रत्येक वक्र आखलेला असतो. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या ६०/५५ वॉटच्या एच-४ बल्बमध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते. जो प्रकाश परावर्तकावर आपटून वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांकडे गेला असता, तो ही वाटी अडवते. त्यामुळेच लो बीमला वरच्या बाजूने स्पष्ट कड येते: खाली उजेड, वर अंधार.

एलईडी बल्बमध्ये गुंडाळी नसते. एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप बसवलेल्या असतात. पट्टीला जाडी असते, प्रकाश दोन सपाट पृष्ठभागांवरून निघतो आणि उगमाची जागा फिलामेंटशी तंतोतंत जुळतेच असे नाही. एवढ्याशा फरकाने झोताची कड विस्कटते आणि प्रकाश वर सांडतो. मग चालकाने डिपर दिला तरी समोरच्याला तो अप्परच वाटतो. त्यात दिव्याचा कोन चुकला असेल तर विचारायलाच नको. एका अंशाने वर उचललेला झोत २५ मीटरवर सुमारे ४४ सेंटिमीटर वर पोहोचतो. दुचाकीस्वाराच्या डोळ्यांसाठी तेवढे पुरेसे आहे.

डोळ्यात काय घडते, तेही पाहायला हवे. तीव्र प्रकाश डोळ्यातील भिंगातून जाताना थोडा विखुरतो आणि दृष्टिपटलावर धूसर पडदा पसरवतो. रात्रीच्या वेळी काळ्या डांबरावरचा काळा आकार आधीच पुसट असतो. या पडद्याआड तो नाहीसा होतो. वयानुसार भिंग गढूळ होत जाते. त्यामुळे साठीच्या माणसाला किंवा मोतीबिंदूची सुरुवात झालेल्याला हा त्रास तरुणापेक्षा कितीतरी जास्त होतो आणि नजर सावरायलाही अधिक वेळ लागतो. बाजारातील बहुतेक एलईडी बल्बांचा प्रकाश निळसर पांढरा असतो. तेवढ्याच तीव्रतेच्या पिवळसर प्रकाशापेक्षा तो डोळ्यांना अधिक बोचतो. क्षणभर पडणाऱ्या अशा झोताने डोळे कायमचे अधू होतात, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. खरा धोका त्या काही सेकंदांत होणाऱ्या अपघाताचा आहे.

बल्ब बदलणाऱ्याला तरी काय मिळते? गाडीसमोरचे दहा-पंधरा मीटर झगझगीत होतात. डोळा त्या उजेडाला सरावतो आणि त्यापलीकडचा रस्ता उलट अधिक काळा भासतो. वेगात असताना कामाचा असतो तो दूरचा रस्ता. पावसात आणि घाटातल्या धुक्यात तर वर सांडलेला प्रकाश थेंबांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

कायदा याबाबत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतका खाली वळवलेला असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. तरीही असे बल्ब उघडपणे विकले आणि बसवले जातात. जर्मनीत २०२० पासून अशा बल्बांना परवानगी मिळू लागली, पण ती ठरावीक मोटारींच्या ठरावीक दिव्यांपुरती, प्रत्यक्ष तपासणी करून. तिथे विचारला जाणारा प्रश्न बल्ब किती प्रखर आहे एवढाच नसतो. तो या दिव्यात नीट झोत देतो का, हेही पाहिले जाते.

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. तेवढा काळ तिच्या हेडलाइटची तपासणी करण्याची वेळच आरटीओवर सहसा येत नाही. रस्त्यावर एखाद्याला अडवून दंड करण्याने हे चित्र बदलणार नाही. पीयूसी मात्र बहुतेक वाहनांना दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने काढावीच लागते. त्याच केंद्रावर झोताचा कोन आणि कड तपासण्याची सोय करणे अवघड नाही. धुराइतकाच उजेडही दुसऱ्याला इजा करू शकतो, हे शासनाने एकदा मान्य करायला हवे.

तोपर्यंत कमी दिसण्याची तक्रार असलेल्या वाहनमालकांनी आधी साधे उपाय करावेत. पिवळी पडलेली हेडलाइटची काच घासून साफ करावी, जुने झालेले हॅलोजन बल्ब जोडीने बदलावेत, झोताचा कोन गॅरेजमध्ये तपासून घ्यावा. मागे माणसे किंवा सामान भरलेले असेल, तर हेडलाइट खाली करण्याची कळ वापरावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळेही तपासून घ्यावेत. अनेकदा बदलायची असते ती चष्म्याची काच. गाडीच्या आतल्या दिव्याला एलईडी लावण्यात झोताचा प्रश्न येत नाही. पुढचा दिवा मात्र एकट्या मालकाचा नसतो. त्याच्यासमोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांशी त्याचा संबंध असतो.