लिंक होती, जागा नव्हती

पुन्हा साथ आली तर मुंबईतली कॉलेजं कशी चालवायची, असं विचारलं की हल्ली ठरलेलं उत्तर येतं: त्यात काय, ऑनलाइन! 2020 मध्ये जमलं, पुढेही जमेल. ‘जमलं’ हा निकाल कोणी आणि कुठे बसून दिला, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत बसून तो कोणी दिलेला नाही, एवढं नक्की.

त्या खोलीत पाच-सहा माणसं, आणि टाळेबंदीत सगळी एकाच वेळी घरात. नळाला पाणी यायची आणि पहिल्या लेक्चरची वेळ एकच. टीवायची मुलगी आईचा फोन घेऊन पॅसेजमध्ये दाराला टेकून बसते. माइक बंदच, कारण शेजारच्या कुकरची शिट्टी अख्ख्या वर्गाला ऐकू जाते. धाकट्याची शाळा भरली की फोन त्याच्याकडे. हिची हजेरी लागलेली असते, बाकी सगळं राहून जातं. घरात अभ्यास होत नाही हे शहराला साथीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मुलं रस्त्यावर अभ्यासाला बसतात ती वरळीची अभ्यास गल्ली त्यातूनच तर निर्माण झाली. तरीही साथ आल्यावर अभ्यासिकांना कुलपं लागली आणि अख्खा अभ्यासक्रम नेमका त्या खोलीत ढकलला गेला.

इथे कोणीतरी न्यूटन काढतोच. प्लेगमुळे 1665 मध्ये केंब्रिज बंद पडलं, तो घरी बसला आणि केवढं काय करून गेला! अहो, वूल्स्थॉर्पला त्याच्या घरची शेतीवाडी होती आणि बी.ए. पदरात पाडून घेऊन तो तिथे गेला होता. लालबागच्या पोराकडे वाडीही नव्हती आणि पदवीही. उदाहरण हवंच तर आपल्या प्लेगचं घ्या. 1896 मध्ये मांडवीत साथ सुरू झाली. जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. कॉलेजात तेवढा कोपरा मिळाला, म्हणून ते घडलं. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली.

दुसरा पक्ष म्हणतो, साथीत परीक्षाच नको. जून 2020 मध्ये राज्य सरकारनं अंतिम वर्षाची परीक्षा रद्द करून सरासरीवर पदवी द्यायचं ठरवलं. विद्यापीठ अनुदान आयोग आडवा आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 ऑगस्टला निकाल लागला: परीक्षेशिवाय पदवी नाही, तारीख हवी तर पुढे मागा. निकाल योग्यच होता. सरासरीच्या पदवीकडे पुढे प्रत्येक मुलाखतीत संशयानं पाहिलं गेलं असतं. पण मुंबई विद्यापीठात परीक्षा झाली ती कशी? ऑक्टोबरात, घरबसल्या, एका तासात 50 गुणांचे बहुपर्यायी प्रश्न. मराठी साहित्य घेतलेल्या मुलानं तीन वर्षं वाचायचं आणि शेवटी चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवायचं. दूरशिक्षणाची परीक्षा तर सायबर हल्ल्याचं कारण देऊन पुढे ढकलावी लागली. परीक्षा रद्द करणारे आणि ती अशी उरकणारे, दोघांनीही विद्यार्थ्याला कटवलंच.

मुलांना घराबाहेर वर्गात बोलावण्यावरचा एक आक्षेप मात्र खरा. मुलगा बाहेर गेला, विषाणू घेऊन आला, तर त्या खोलीत आजोबांना वेगळं ठेवायचं कुठे? संडाससुद्धा सामाईक. म्हणून एप्रिल-मे 2020 आणि एप्रिल 2021 या काळात सगळं बंद हवं होतं, यात वाद नाही. वाद मधल्या महिन्यांचा आहे. हॉटेलं आणि बार 5 ऑक्टोबर 2020 ला उघडले. मुंबईतली कॉलेजं उघडायला 20 ऑक्टोबर 2021 उजाडला. बिअरच्या टेबलाला जे अंतराचे नियम पुरले, ते बाकाला का पुरू नयेत? ‘मुंबईत शक्यच नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर 2020 आठवावा. जेईई आणि नीट केंद्रांवरच झाल्या, आणि एरवी सामान्यांना बंद असलेल्या लोकलमध्ये हॉल तिकीट दाखवून मुलं चढली. डॉक्टर-इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यांसाठी गाडी निघाली, बी.ए., बी.कॉम.वाल्यांच्या वाट्याला लिंक आली.

माझं म्हणणं एवढंच, की साथीत विद्यापीठ चालू ठेवायचं म्हणजे आधी टेबल-खुर्ची चालू ठेवायची. व्याख्यान खुशाल फोनवर पाठवा, रेकॉर्ड करून पाठवा, म्हणजे पाण्याची वेळ टळल्यावर ऐकता येईल. पण साथ जरा उतरली की विद्यार्थ्याला घरापासून चालत जाता येईल अशी जागा द्या: उघड्या खिडक्या, बाकावर एकच जण, आठवड्यातून दोनदा एक प्राध्यापक, आणि दर सहामाहीला हातानं लिहायची उत्तरपत्रिका. गिरगावातल्या मुलानं चर्चगेट गाठायचं कारण नाही आणि परळच्या मुलीनं कलिना.

जागा कुठून आणायची, हा प्रश्न निवडणूक आयोगाला कधी पडत नाही. दर मतदानाला याच गल्ल्यांमधल्या महापालिकेच्या शाळांत केंद्रं उभी राहतात, तीही घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या केंद्रांची यादी तयारच असते. विद्यापीठानं डी, एफ दक्षिण, जी उत्तर आणि जी दक्षिण वॉर्डांशी आत्ताच, कोणी खोकत नसताना, लेखी करार करावा आणि त्या शाळांचे वर्ग कोणत्या कॉलेजच्या ताब्यात जातील तेही त्यातच लिहून ठेवावं.