पलायनवाद नावाचा रबरी शिक्का

गेल्या भाद्रपदात आमच्या एका विद्यार्थिनीने साताऱ्याजवळच्या कास पठारावर काढलेले छायाचित्र आम्हांला दाखवले. ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखले जाणारे जांभळे फूल, त्यावर पावसाचा थेंब, आणि थेंबात उलटे उतरलेले आभाळ. “हे बघताना कशावर तरी विश्वास बसतो,” ती म्हणाली. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी तत्काळ निकाल दिला : “छान आहे, पण हा पलायनवाद झाला.” मुलीने मुकाट्याने फोन पिशवीत ठेवला. पुन्हा तिने आम्हांला एकही छायाचित्र दाखवलेले नाही.

आमची तक्रार त्या सहकाऱ्यांविरुद्ध नाही. हा शिक्का आम्हीही वर्षानुवर्षे वापरला आहे. बालकवींवरचा प्रश्न आला की ‘पलायनवाद’ हा शब्द उत्तरात शोधायचा आणि गुण द्यायचे! तक्रार आहे ती या सवयीविरुद्ध.

पळणारा माणूस पायाखाली पाहत नाही. नखाएवढ्या फुलाचे छायाचित्र घ्यायचे तर ओल्या कातळावर पालथे पडावे लागते, वारा थांबण्याची वाट पाहावी लागते, श्वास रोखावा लागतो. आणि इतक्या जवळून पाहिल्यावर दिसते काय? सीतेची आसवे ही मांसाहारी वनस्पती आहे! जांभ्या कातळावरच्या निकृष्ट मातीतून पोषण मिळत नाही, म्हणून ती आपल्या इवल्या फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. शेजारची ‘दवबिंदू’ ही वनस्पती दवासारख्या चकाकणाऱ्या चिकट थेंबांनी कीटक पकडते. निसर्गाचे गोडगोड चित्र मोडते ते इथे, जवळून पाहण्यानेच. तरीही आनंद उरतो. तो भाबडा कसा म्हणावा?

निसर्गात रमणारा समाजाकडे पाठ फिरवतो, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या कराडने १९७५ साली देऊन ठेवले आहे. तिथल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला उघड विरोध करणाऱ्या दुर्गा भागवत म्हणजे ‘ऋतुचक्र’च्याच लेखिका. पुढे त्यांनी तुरुंगवासही सोसला. पानाफुलांतले बदल महिन्यामहिन्याने टिपणारी नजर सत्तेपुढे खाली झुकली नाही. ज्यांना तो पलायनवाद वाटतो, त्यांनी त्या काळात कोण कोण गप्प बसले होते याची यादी एकदा करून पाहावी.

राहिला ‘विश्वास’. विद्यार्थिनीला तो कशावर, हे सांगता आले नाही. आम्हांला तो विल्सन बेंटली या अमेरिकन शेतकऱ्याच्या आयुष्यात दिसतो. व्हर्माँटमधल्या जेरिको गावी १८८५च्या जानेवारीत त्याने हिमकणाचे पहिले यशस्वी सूक्ष्मछायाचित्र घेतले. कण वितळण्याआत सगळे उरकायचे. हिवाळ्यामागून हिवाळे त्याने पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. त्यांतली निवडक चोवीसशेच्या वर चित्रे ग्रंथरूपाने आली ती १९३१ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी. क्षणात विरणारी वस्तूही नीट पाहण्याच्या लायकीची असते, या खात्रीवर आयुष्य लावणे याला श्रद्धा म्हणायचे नाही, तर कशाला? ती कोणत्याही देवळाशी बांधलेली नाही, आणि तिला नवसही लागत नाही.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र आम्हांला मान्य आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, गर्दी लोटली, आणि स्वतःच्या छबीसाठी फुले तुडवणारेही आले. पण ते काय करतात, पाहा : फुलांकडे पाठ करून उभे राहतात. पलायन म्हणायचे तर याला म्हणा. आणि चित्र न पाहताच त्यावर शिक्का मारणारा समीक्षक तरी वेगळे काय करतो? पाठ त्याचीही चित्राकडेच असते.

साहित्याचे अध्यापन म्हणजे शेवटी लक्षपूर्वक पाहायला शिकवणे. ते काम एक मुलगी आपणहून करून आली होती आणि आम्ही गप्प राहिलो. या भाद्रपदात ते चित्र आम्ही तिच्याकडून मागून घेणार आहोत, वर्गात लावणार आहोत, आणि त्याच्याविषयी पहिला शब्द तिलाच बोलू देणार आहोत.