भागीदारी म्हणता, तर आमचा वाटा दाखवा

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये 'बायो-ई-थ्री' धोरण मंजूर केले. त्यातल्या तीन 'ई'पैकी एक रोजगाराचा. लसी, औषधे, एन्झाइम अशा सजीवांपासून बनणाऱ्या वस्तूंचे कारखाने वाढवायचे, त्यासाठी शासन, विद्यापीठे आणि उद्योगांनी हात मिळवायचे. ठीक आहे. पण या भागीदारीत कर्जत-खालापूरच्या कातकरी-ठाकूर बाया कुठे आहेत, हा माझा सवाल आहे.

भिवपुरीने एक विकास पाहिला आहे. १९२२ पासून घाटावरचे पाणी इथे उतरते, टाटांच्या केंद्रात वीज होते. डोंगर इथला, चाके फिरली मुंबईच्या गिरण्यांची. आता तेच पुन्हा नको.

सर्पदंशावरचे औषध घ्या. लावणीला चिखलात वाकलेली बाई सापाच्या वाटेतच उभी असते. तिला वाचवणारे औषध घोड्याला थोडे थोडे विष टोचून, त्याच्या रक्तातून काढतात. परळच्या हाफकिनची त्यात मोठी परंपरा आहे. त्यासाठी लागणारे नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींची, १९७८ साली उभी राहिलेली सहकारी संस्था पुरवते. साप पकडण्याच्या विद्येला तिथे संस्थेमुळे मोल मिळाले. पण विष विकले की त्यांचा वाटा संपतो. औषध दुसऱ्याच्या कारखान्यात बनते. कच्चा माल पुरवणे म्हणजे भागीदारी नव्हे.

कारखान्यात बाईला काय मिळते, तेही आपण जाणतो. बाटल्या पुसा, लेबले लावा, झाडू मारा, आणि पगार कंत्राटदाराच्या हातून. यंत्रापाशी पुरुष. बाया शिकलेल्या नाहीत म्हणे! दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जावे लागणाऱ्या मुलीला विज्ञान शिकवायला कोण आले होते?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. हाफकिन आणि कर्जतचे कृषी संशोधन केंद्र यांनी मिळून इथेच, विद्यावेतनासह प्रशिक्षण द्यावे. निम्म्या जागा बायांच्या. नोकरी थेट, कंत्राटदार नको. पाळणाघर हवे, रात्रपाळीला गाडी हवी. प्रकल्पाच्या समितीवर वाडीतल्या बाया मताच्या हक्कासह हव्यात.

मैत्रिणींनो, उद्या कोणी करार घेऊन आले, तर आधी तो मराठीत ग्रामसभेपुढे वाचायला लावा. सह्या-अंगठ्यांचे नंतर बघू.