आरोग्याच्या गप्पा : साखर आणि डोळे

फराळाचे डबे आता रिकामे झाले असतील, तेव्हा थोडं कडू बोलू या.

रक्ततपासणीत एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आलं की इथले डॉक्टर म्हणतात, "प्रीडायबिटीस." आपण म्हणतो, "चला, अजून मधुमेह तर नाही!" आमचा आकडा ५.९ आला तेव्हा आम्हीही हेच म्हणालो आणि आणखी एक करंजी उचलली.

पण इथल्याच 'डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम'मध्ये, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच थांबलेल्या सुमारे ८ टक्के लोकांच्या डोळ्यांच्या पडद्यावर बिघाडाच्या खुणा सापडल्या (२००७). सुरुवातीला ना दुखतं, ना अंधुक दिसतं. म्हणून तर आपण गाफील राहतो.

उपाय हातात आहे. त्याच प्रोग्राममध्ये ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढंच उद्दिष्ट होतं. मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला (२००२). चीनमधल्या दा चिंग शहरात १९८६ पासून सहा वर्षं आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांमध्ये, वीस वर्षांनंतर पाहिलं तर पडद्याचा गंभीर आजार ४७ टक्क्यांनी कमी होता.

आम्ही भात निम्मा केलाय. जेवल्यावर अर्धा तास चालतो. बाहेर बर्फ असेल तर मॉलमध्ये.

आणि हो, चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं नव्हे! थेंब घालून बाहुली मोठी करून तपासणी कधी करायची, ते डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी गाडी चालवायला मात्र कुणाला तरी सोबत न्या.