कार्ड पुसण्याआधी

पावसाळ्यात तिबोटी खंड्या विणीसाठी कर्नाळ्याच्या अभयारण्यात उतरतो आणि त्याच्यामागे कॅमेरेही येतात. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने टिपलेले तासाभराचे फोर-के चित्रण ४५ जीबी भरते. ते कार्डावरून डिस्कवर न्यायला पायथनची ‘शटिल.कॉपी२’ ही एक ओळ पुरे, बाकी सगळे चोचले, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे एकदा नीट तपासायला हवे.

‘एरर आली नाही, म्हणजे कॉपी झाली.’ ही ओळ वेगवान आहे, हे खरेच. पायथन ३.८ पासून ती शक्य तिथे ऑपरेटिंग सिस्टिमचाच जलद मार्ग वापरते. पण ती परतते तेव्हा शेवटचा भाग रॅममध्येच असू शकतो. तेवढ्यात केबल उपसली की तो गेला. मध्येच वीज गेली, तर अर्धवट फाइल पुऱ्या नावाने डिस्कवर मिरवत राहते.

‘आकार तर जुळतो!’ एखादा बाइट बदलला म्हणून आकार बदलत नाही.

‘कॉपी किती झाली याची टक्केवारी ही नुसती सजावट.’ काम संथ चालले आहे की अडकले आहे, हे कळले नाही की उतावळा माणूस कार्ड ओढतोच. मात्र ती टक्केवारी सिस्टिमकडे सोपवलेल्या बाइट्सची असते, म्हणून शंभरानंतर पडद्यावर ‘पडताळणी सुरू’ असे दिसले पाहिजे.

‘पडताळणीने वेळ दुप्पट होतो.’ इथे हिशेबच मांडू. कार्ड सेकंदाला ९० एमबी देत असेल, तर ४५ जीबीला ५०० सेकंद लागतात. वाचतानाच मूळ फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या बाइट्सवरून निघणारी ओळखखूण, काढता येतो. एसएसडीवरची प्रत सेकंदाला ४५० एमबीने पुन्हा वाचायला १०० सेकंद. म्हणजे वाढ एक पंचमांश. साध्या हार्ड डिस्कवर जास्त वेळ जाईल, हे मान्य.

मग करावे काय? आधी ‘डिस्क_युसेज’ने जागा पाहावी. डिस्क फॅट३२ असेल, तर ४ जीबीपुढची फाइल ती घेणारच नाही. प्रत ‘.पार्ट’ अशा तात्पुरत्या नावाने, आठ-आठ एमबीच्या तुकड्यांत लिहावी, सोबत हॅश काढत जावे. शेवटी ‘फ्लश’ आणि ‘ओएस.एफसिंक’. मग डिस्क रीतसर काढून पुन्हा जोडावी. नाहीतर सिस्टिम रॅममधलेच बाइट्स पुढे करते आणि पडताळणी लुटुपुटूची ठरते. प्रतीचा हॅश काढायला ३.११ पासून ‘हॅशलिब.फाइल_डायजेस्ट’ आहेच. दोन्ही जुळले, तरच ‘ओएस.रिप्लेस’ने खरे नाव द्यावे.

एक आक्षेप मात्र खरा आहे: कार्ड रीडरनेच चुकीचे वाचले, तर हॅश त्या चुकीवरच शिक्का मारतो. पण त्यावरून पडताळणी फोल ठरत नाही. पुन्हा न मिळणाऱ्या चित्रणासाठी कार्डही दुसऱ्यांदा वाचावे, एवढेच ठरते.

एका ओळीच्या कैवाऱ्यांना शेवटी इतकेच विचारावे: त्या ओळीच्या भरवशावर तुम्ही कार्ड फॉरमॅट कराल का? उत्तर देताना जीभ अडखळली, तर उरलेल्या ओळी लिहायलाच हव्यात.