जुगार त्यांचा, कपात आमची!



नवी इंटरनेट कंपनी बुडाली की वर्तमानपत्रे तिच्या तरुण मालकासाठी हळहळतात. तिला यंत्रे आणि केबल पुरवणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. आम्ही विचारतो.

रायपूरजवळच्या बीरगांव-उरला पट्ट्यातील लोखंड कामगाराला हे गणित शिकवावे लागत नाही. गिऱ्हाइकाची ऑर्डर थांबली की पहिले नाव कटते ते ठेकेदाराकडच्या मजुराचे. तंत्रज्ञानाचा धंदा याला अपवाद आहे, असे खाऊजावाल्यांनी सांगितले. ते खोटे होते.

१९९९-२००० मध्ये अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचे पीक आले. नफा नाही, पण शेअरचे भाव आभाळाला! पुरवठादारांनी त्यांना माल तर विकलाच, वर तो घ्यायला कर्जही दिले. उधारीची विक्री 'वाढ' म्हणून वहीत चढली. मार्च २००० नंतर बाजार कोसळला. एप्रिल २००१ मध्ये विनस्टार बुडाली, तिला कर्ज देणारी ल्यूसेंट अडचणीत आली. त्याच वर्षी सिस्कोने दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल बुडीत धरला आणि सुमारे ८,५०० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. नॉर्टेलने हजारो कामगार काढले. जानेवारी २००९ मध्ये तिनेही दिवाळे काढले, तेव्हा कॅनडातल्या तिच्या निवृत्तांच्या पेन्शनलाही कात्री लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी!

कोणी म्हणेल, धंदा म्हटला की तोटा आलाच. मान्य. मग नफा वाटताना कामगार कुठे होता?

आपल्याकडेही कायदा कोणाच्या बाजूने आहे ते पाहा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कर्ज देणाऱ्या बँका समितीत बसून मतदान करतात. माल पुरवणाऱ्याला मत नाही. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर त्याचा नंबर बँकांच्या मागे. तिच्या स्वतःच्या कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी निदान बँकांच्या बरोबरीने धरली जाते. पण पुरवठादाराच्या कारखान्यातल्या मजुराला त्या यादीत जागाच नाही.

आणि ज्या वर्षी हा फुगा फुटला, त्याच २००० साली १ ऑक्टोबरला दूरसंचार खाते मोडून बीएसएनएल झाले. विदेश संचार निगम फेब्रुवारी २००२ मध्ये टाटांकडे गेले. २०२० पर्यंत बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'स्वेच्छा' कोणाची, हे टपाल-तार खात्यातले आपले जुने साथी सांगतील. रुळांच्या कडेने आपण सांभाळलेल्या जागेतून रेलटेलची केबल गेली आहे. तीही उद्या जुगाराच्या पटावर मांडली जाणार काय?

आमची मागणी साधी आहे. पुरवठादाराच्या थकबाकीतला मजुरीचा भाग बँकांच्या आधी मिळालाच पाहिजे! ठेका मजुराची देणी मूळ मालकाकडून वसूल झालीच पाहिजेत! बीएसएनएल आणि रेलटेलची जाळी जनतेचीच राहिली पाहिजेत!

साथींनो, आज गाळा केबल कारखान्याला लागले आहे. उद्या ते आपल्या शेडला आणि टपाल कार्यालयाला लागण्याआधी एक व्हा!